पदराआडच्या हिरड्या

माझ्या पायाच्या अंगठ्याला काय झालं होतं, हे आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. विचारपूस करायला आलेल्या प्रत्येकीला मी पाय पुढे करून दाखवलाय. तोंडाला काय झालं होतं, हे मात्र कुणालाच सांगितलेलं नाही. पायाची जखम दाखवताना माणसाला थोडं मोठेपणच वाटतं. आपल्या हिरड्यांतून पू येत होता, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

गेल्या महिन्यात माझ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काकू, तुमच्या बचत गटातल्या बायकांसमोर दहा मिनिटं बोलाल का? माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील." मी हो म्हटलं, साडीला इस्त्री केली, आणि ऐन वेळी अंगात कणकण आहे असं सांगून घरी बसले. कणकण वगैरे काही नव्हती. तेव्हा आता लिहून काढते. लिहिताना निदान तोंडावर पदर धरावा लागत नाही.

माझा धंदा

मी त्रेसष्ट वर्षांची आहे. रत्नागिरीपासून एसटीने अर्ध्या तासावर, समुद्राच्या अंगाला आमचं घर आहे. हे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. मुलगा प्रसाद रत्नागिरीत मोटारींच्या शोरूममध्ये आहे. सून रश्मी अलोऱ्याची. तिचे वडील कोयना प्रकल्पात होते, त्यामुळे ती कॉलनीत वाढलेली, मोजकं आणि नीट बोलणारी मुलगी.

आणि मी कोकमवाली काकू. गेली वीस वर्षं मी घरी अमृत कोकम करते. मे महिन्यात रातांबे फोडायचे, आतल्या बिया काढायच्या, सालींच्या वाट्या साखरेने भरायच्या आणि बरण्या उन्हात ठेवायच्या. पंधरा दिवसांत लालभडक पाक सुटतो. पावसाच्या आधी बाटल्या भरून तयार. लेबलवरचं वाक्य मीच लिहून दिलेलं आहे: 'उष्णता व पित्तावर गुणकारी.'

लेबलं चिकटवायचं काम रश्मीकडे. लग्नानंतर दुसऱ्याच मोसमात तिने विचारलं, "आई, खाली बारीक अक्षरात एक ओळ घालूया का? यात साखर आहे, मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावं, अशी?"

मी म्हटलं, "चांगल्या औषधाला नाट लावू नकोस."

तेव्हा मला स्वतःला मधुमेह होऊन पाच वर्षं झाली होती.

उष्णता

पहिल्यांदा रक्त दिसलं ते पेरूवर. फोड चावली आणि पांढऱ्या गरावर लाल रेघ उमटली. मी ती फोड पटकन खाऊन टाकली.

आमच्याकडे डोळे लाल झाले तर उष्णता, घोळणा फुटला तर उष्णता, तळपायांची आग झाली तरी उष्णताच. तेव्हा हिरड्यांतून रक्त म्हणजे उष्णता, हे मला कुणाला विचारावंसुद्धा लागलं नाही. आणि उष्णतेवर औषध काय, तर माझ्याच घरात बरण्या भरून ठेवलेलं. निजायच्या आधी अर्धी वाटी अमृत कोकम घ्यायचं, त्यात पाणीही घालायचं नाही, चांगलं गार लागेपर्यंत तोंडात धरायचं, मग गिळायचं आणि चूळ न भरता आडवं व्हायचं. चूळ भरली तर औषध वाया जाईल ना! दोन वर्षं मी हा नेम पाळला. देवाचे नेम मोडले असतील, हा नाही मोडला.

नुसतं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, घेतलं असतं तर निदान साखर तरी नसती पोटात गेली. पण मीठ हिरड्यांना झोंबायचं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुला मधुमेह आणि साखर तूच किलोकिलोने भरतेस, मग कळलं कसं नाही? मीही स्वतःला हे पुष्कळदा विचारलंय. खरं सांगायचं तर कळत होतं. पण ते सरबत म्हणून प्यायले असते तर पाप लागलं असतं, औषध म्हणून घेतलं की त्याला साखर लागू होत नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

ब्रशने घासलं की रक्त येई, म्हणून मी ब्रश सोडला. बोटाने मंजन लावायला लागले. रक्त कमी झालं. मला वाटलं, बघा, कोकमाचा गुण येतोय.

वास मात्र लपेना. माझा मलाच यायचा. बोलताना तोंडावर पदर धरायची सवय लागली. वाडीत नव्या आलेल्या एका सुनेने तर कौतुक केलं, काकू किती मर्यादेने वागतात. ह्यांनी एक दिवस आपली गादी उचलून पडवीत नेली. "आत उकडतं गो," म्हणाले. पौष महिना होता.

बोलली ती फक्त रश्मी. भाजी निवडताना, अगदी हलक्या आवाजात. "आई, रागावू नका. तुमच्या हिरड्या एकदा दातांच्या डॉक्टरांना दाखवूया का? माझ्या आत्याला असंच व्हायचं, तोंडाला..."

तिला मी वाक्य पुरं करू दिलं नाही. "माझ्या तोंडाला घाण येते म्हणतेस? माझ्या घरात बसून?" असं ओरडले, की पडवीतून हे उठून आले. त्यानंतर आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ताट वाढलं की जेवायची आणि उठायची. त्या दिवसापासून तिने माझ्या तब्येतीविषयी एक अक्षर काढलं नाही. मला वाटलं, जिंकले.

कालव

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, मोठी ओहोटी होती तेव्हा, नणंदेबरोबर कालवं काढायला गेले. मंदाताई आमच्या शेजारच्याच वाडीत असते, आम्ही दोघी लग्नापासून एकत्र खडकावर जातो. तिथे अनवाणी कुणी जात नाही, पण माझी चप्पल झिजून पातळ झाली होती. कालवाची शिंप सुरीसारखी असते. उजव्या अंगठ्याच्या कडेला चर्र झालं. समुद्राच्या पाण्यात धुतलं, घरी येऊन हळद दाबली. असं आयुष्यात वीसदा झालं असेल.

या खेपेला भरून येईना. पंधरा दिवसांनी अंगठा फुगला आणि कडेने काळपट दिसायला लागला. मधुमेहाच्या डॉक्टरांकडे गेले. शुगर चढलेली होती. त्यांनी गोळ्या वाढवल्या आणि विचारलं, "खाण्यात काय काय असतं?"

मी म्हटलं, "मी काय खाणार? सून वाढते तेवढंच."

हे वाक्य मी अगदी सहज बोलले.

शिमगा

शिमग्याला घर भरलेलं होतं. मुंबईहून दीर-जाऊ आले होते, मंदाताई होती, आणि अलोऱ्याहून रश्मीची आई आली होती. ग्रामदेवतेची पालखी दुपारी घरी यायची होती. मी पाय खुर्चीवर ठेवून बसले होते. सकाळीच प्रसादने रक्ताचा रिपोर्ट आणला होता. गोळ्या वाढवूनही शुगर आदल्या खेपेपेक्षा जास्त.

जाऊबाईंनी विचारलं, "एवढं पथ्य करता, मग साखर वाढते कशी हो?"

रश्मी त्या वेळी माझ्यासाठी ताट घेऊन येत होती. सगळ्यांना पुरणपोळ्या होत्या, माझ्यासाठी तिने नाचणीची भाकरी आणि बिनगुळाची आमटी वेगळी केली होती. ते ताट तिच्या हातात असताना मी म्हणाले, "माझ्या हातात काय आहे? स्वयंपाकघर आता दुसऱ्याच्या ताब्यात. आमटीत कोण काय टाकतं, मला काय दिसतंय? म्हातारीचा पाय गेला की मोकळ्या होतील सगळ्या."

रश्मीने ताट माझ्यासमोर ठेवलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेली. तिची आई भिंतीला टेकून उभी होती. पालखी आली, ढोल वाजले, माझ्या जाऊबाईंनी ओटी भरली. रश्मीच्या आईने देवाला हात जोडले आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेली.

मंदाताई तेवढी माझ्याजवळ येऊन बसली. "वयनी, काय बोललीस गो हे? पोरीनं सकाळपास्नं राबून तुझं वेगळं जेवण केलंन."

"तुला काय माहीत," मी म्हटलं. तोंडावर पदर होताच.

दवाखाना

चार दिवसांनी अंगठा दाखवायला गेले, ते घरी आलेच नाही. रत्नागिरीतल्या एका खाजगी दवाखान्यात मला ठेवून घेतलं. माझे नेहमीचे डॉक्टर आणि शस्त्रक्रियेचे डॉक्टर, दोघांनी मिळून बघितलं आणि बाहेर जाऊन प्रसादशी बोलले. मी म्हटलं, पाय माझा आहे, मला सांगा.

"आज मंगळवार," डॉक्टर म्हणाले. "सोमवारपर्यंत थांबू शकतो. शुगर उतरली तर जखम भरायला लागेल. नाही उतरली तर अंगठा काढावा लागेल, नाहीतर विषारी पू पावलात चढेल."

अंगठ्याशिवाय माणूस चालतं, हे मला सगळ्यांनी सांगितलं. ज्याचे दोन्ही शाबूत आहेत त्याने हे सांगणं सोपं असतं. आमच्या घरापासून समुद्रावर उतरायला जांभ्याच्या पायऱ्या आहेत, शेवाळलेल्या. अंगठा रोवल्याशिवाय त्या उतरताच येत नाहीत. खडकावर तर पाऊल टिकायचंच नाही. म्हणजे ओहोटीला मी पडवीत बसायचं आणि मंदाताई एकटी जाणार. पलंगावर पडल्या पडल्या मला तेवढंच दिसत होतं.

आणि अशा वेळीही माझी खोड बघा. डबा घरून यायचा होता. मी प्रसादला सांगितलं, "रश्मीच्या हातचा नको. मंदाताई देईल. मग बघू शुगर कशी उतरत नाही ती." मुलाने माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घातली. इतक्या वर्षांत आईला उलट बोललेला नाही तो. त्या दिवशी बोलला असता तर बरं झालं असतं.

दवाखान्याचा दिवस ठरलेला असायचा. पहाटे बोटाला सुई टोचून शुगर. चहा, बिनसाखरेचा. दहाला ड्रेसिंग, तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसायची. दुपारी मंदाताईचा डबा. पलीकडच्या खाटेवर हेदवीच्या एक आजी होत्या, त्या सगळ्यांच्या नावाने दशभुज गणपतीला साकडं घालायच्या. माझ्या अंगठ्यासाठीही घातलं. मी खजील झाले, कारण माझ्या पिशवीत कपड्यांच्या खाली अमृत कोकमाची बाटली होती.

होय, मी ती बरोबर नेली होती. दवाखान्यातल्या औषधांनी उष्णता वाढते, हिरड्या जास्तच ठणकत होत्या.

बुधवारी पहाटेची शुगर उतरली नाही. इन्सुलिन वाढवलं. गुरुवारीही तेच. डॉक्टर रिपोर्टकडे बघून म्हणाले, "असं व्हायला नको. डबा कोण देतंय?" मंदाताई दारातच उभी होती. तिचा चेहरा पडला. आता ती माझ्या साखरेची आरोपी झाली होती. मी तेव्हाही गप्प राहिले.

डाग

शुक्रवारी सकाळी सिस्टर चादर बदलायला आली. दापोलीकडची, चटपटीत मुलगी. उशी उचलली आणि थांबली. अभ्र्यावर माझ्या गालाच्या जागी रुपयाएवढा लाल डाग होता, भोवती पिवळट कड.

"आजी, तोंडातनं रक्त येतंय काय तुमच्या?"

ते रक्तच होतं. रोजच यायचं. घरी मी अभ्रे स्वतः धुवायची, कुणाच्या दृष्टीस पडू द्यायची नाही. त्या क्षणी मला अंगठा आठवला नाही, सोमवार आठवला नाही. एवढंच वाटलं, की हिला माझ्या हिरड्या कळता कामा नयेत. म्हणून मी म्हटलं, "छे गो, रक्त कसलं? कोकम सांडलं."

सिस्टर अभ्रा हातात घेऊन तशीच उभी. "कोकम? कुठलं कोकम?"

तिने माझ्या नजरेमागोमाग पिशवीकडे बघितलं. दोन मिनिटांनी बाटली टेबलावर होती, आणि पाच मिनिटांनी डॉक्टर समोर. त्यांनी बाटलीवरचं लेबल वाचलं, 'उष्णता व पित्तावर गुणकारी.' झाकण उघडून थेंब बोटावर घेतला आणि चाखला.

"रोज घेता?"

"औषध म्हणून."

"कशावर औषध, काकू?"

इथे माझ्याकडे खोटं उरलं नाही. मी पदर खाली केला आणि तोंड उघडलं. डॉक्टरांनी बॅटरी धरली, हातमोजा घालून खालची हिरडी नुसती दाबली, आणि सिस्टरकडे कापूस मागितला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा दारात रश्मी उभी होती. तिच्या हातात माझे धुतलेले कपडे होते. ती कधीपासून उभी होती, मला माहीत नाही. पण बाटली टेबलावर होती आणि माझं तोंड उघडं होतं, तेव्हा तिला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"किती दिवस आहे हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन वर्षं."

"दोन वर्षांत तुम्ही माझ्याकडे किती वेळा आलात?" ते म्हणाले, आणि मग स्वतःच खुर्ची ओढून बसले. "चूक माझीही आहे. तुमचे पाय बघितले, डोळे तपासायला पाठवलं, लघवी तपासली. तोंड उघडा, असं मात्र मी कधी म्हटलं नाही."

माझ्यावर ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

रश्मीने कपडे खाटेवर ठेवले. टेबलावरची बाटली उचलली, बेसिनमध्ये ओतली, नळ सोडून लाल रंग पुरता जाईपर्यंत उभी राहिली. मग तीच बाटली विसळून, पाणी भरून माझ्या उशाशी आणून ठेवली. "चूळ भरायला लागेल," एवढंच म्हणाली.

तळहात

त्याच दुपारी रिक्षातून मला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रश्मी बरोबर होती. बाई वयाने रश्मीएवढ्याच. त्यांनी बारीक सळईने प्रत्येक दाताभोवती मोजलं आणि आकडे सांगत गेल्या. हिरड्या दातांपासून सुटून खिशासारख्या झाल्या होत्या आणि त्या खिशांत पू होता. पुढचे खालचे दोन दात बोटाने हलत होते, ते काढावे लागले. बाकीची सफाई चार खेपांत केली, पहिल्या दोन दवाखान्यात असतानाच.

बाईंनी मला समजेल असं सांगितलं. "काकू, तुमच्या सगळ्या सुजलेल्या हिरड्या उलगडून एकाशेजारी एक मांडल्या, तर तुमच्या तळहाताएवढी जखम होईल. तळहाताएवढी जखम पाठीवर असती तर दोन वर्षं घरी बसला असता का? शरीराला ती कुठे आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. जखम पेटती राहिली की साखर आटोक्यात राहत नाही, आणि साखर वाढली की जखम आणखी पेटते." तोंडातले जंतू रक्तात उतरून कुणाकुणाच्या हृदयापर्यंतही पोचतात, हेही त्यांनी सांगितलं. आणि हिरड्यांतून रक्त येतं ते उष्णतेने नव्हे, दातांवर साचलेल्या किटणाने. रक्त येतं म्हणून ब्रश सोडायचा नसतो.

मी माझ्या तळहाताकडे बघत राहिले. अंगठ्याची जखम बोटाच्या पेराएवढी होती. तिच्यासाठी मी सगळं घर वेठीला धरलं होतं.

शनिवारी पहाटेची शुगर पहिल्यांदा उतरली. रविवारी आणखी. सोमवारी शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी अंगठा उलटसुलट करून पाहिला, नाकाजवळ नेला, आणि म्हणाले, "आणखी चार दिवस देतो." त्या चार दिवसांत कड लालसर झाली. हेदवीच्या आजींनी घरी जाताना माझ्या नावाचे मोदक कबूल केले. अंगठा राहिला. नख गेलं, टोक थोडं आत ओढल्यासारखं आहे, पण पायरीवर रोवता येतो.

मी माझ्या डॉक्टरांना विचारलं, हिरड्यांमुळेच झालं का हे सगळं? ते म्हणाले, "कोकम सुटलं, इन्सुलिन लागू पडलं, तोंडातला पू गेला. कशाने किती फरक पडला, ते मला वेगळं काढून सांगता येणार नाही. तुम्ही तिन्ही सांभाळा."

घरी

घरी आल्यावर मी रश्मीची माफी मागितली. पण कशी, तर ती बांगडे साफ करत असताना, तिच्या पाठीकडे बघून. "चुकलं गो माझं," म्हटलं. ती म्हणाली, "हं. आई, तेवढी कोथिंबीर द्या." मला वाटलं, संपलं. तसं ते संपत नाही. आळ चारचौघांत घातला होता आणि माफी बांगड्यांसमोर मागितली.

म्हणून अलोऱ्याला फोन केला. विहीणबाईंना सगळं सांगितलं, कोकमाचं, हिरड्यांचं, डागाचं. त्यांनी ऐकून घेतलं. "अंगठा वाचला, बरं झालं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मला स्टँडवर सोडायला आली ना, तेव्हा सांगितलंन, आई, तू आता आमच्याकडे येऊ नकोस, तुझ्यासमोर मला लाज वाटते."

लाज तिला वाटली. घाण माझ्या तोंडात, साखर माझ्या वाटीत, आणि लाज त्या पोरीला. हे ऐकल्यावर मी फोन ठेवून देवापुढे जाऊन बसले, पण हात जोडवेनात. मंदाताईच्या पाया पडायला गेले तर तिने मला उठवलं आणि म्हणाली, "माझं सोड. मी तुला चाळीस वर्षं ओळखतंय. त्या पोरीनं काय केलंन होतं गो तुझं?"

मे महिन्यात रातांबे आले. मी बरण्या भरल्या, धंदा सोडलेला नाही. लेबलं छापायला टाकायच्या आधी रश्मीला म्हटलं, तुझी ती ओळ सांग. तिने सांगितली, मी लिहिली, आणि वरची 'गुणकारी'ची ओळ काढून टाकली. जुनी गिऱ्हाइकं विचारतात, काकू, शुगर आहे, चालेल का? पूर्वी मी डोळे झाकून चालेल म्हणायची. आता त्या ओळीवर बोट ठेवते. आणि त्यांच्यापैकी किती जणांनी माझ्या भरवशावर घेतलं असेल, हा विचार आला की काम करता करता हात थांबतो.

ह्यांची गादी पडवीतून आत आली आहे. कसं काय, विचारलं तर म्हणाले, "बाहेर डास आहेत."

आता रोज सकाळी चहाच्या आधी पडवीच्या पायरीवर मी उजेडाकडे तोंड करून बसते आणि आ करते. रश्मी मोबाइलची बॅटरी धरून बघते. माझ्या डोळ्यांना आरशात बारीक दिसत नाही. "डावीकडे मागे थोडं लाल आहे, तिथे ब्रश पोचत नाही तुमचा," असं सांगते. पहिल्या दिवशी मी तोंड उघडलं तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती म्हणाली, "आई, हलू नका, दिसत नाही." एकदा मी धीर करून विचारलं, "खरं सांग, वास येतो का गो अजून?" तिने जवळ येऊन नाकाने हुंगलं. "येतो," म्हणाली. "कालच्या जवळ्याच्या चटणीचा."

हे सगळं लिहून झाल्यावर कागद पहिल्यांदा तिलाच दिले. तिने उभ्याउभ्याच वाचले, ओट्याला टेकून. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या तरी वाचत होती. शेवटी एका पानावर बोट ठेवून म्हणाली, "आई, हे चुकलंय."

"काय?"

"तुम्ही माझ्याशी आठ दिवस बोलला नव्हतात असं लिहिलंय. सतरा दिवस."

मी वर खोडलेलं नाही. माझ्या हिशेबी ते आठच होते, ते तसंच दिसू दे.

मी विचारलं, "आणखी काय चुकलंय?"

"बाकी बरोबर आहे," ती म्हणाली, कागद नीट जुळवून माझ्या हातात देत. "आता शिमग्याला सगळे येतील. मी आईलाही बोलावलंय. तेव्हा सगळ्यांसमोर वाचा." आणि कुकर उतरवायला वळता वळता म्हणाली, "आणि वाचताना तोंडावर पदर धरू नका. ऐकू येत नाही."